संजिता चानूची दोन वर्षे कोण परत करणार?

मणिपूरची वेटलिफ्टर खुमुक्चम संजिता चानू हिचे नाव निघाले की हल्ली एकच वाक्य कानावर येते, ‘ती डोपिंगवाली ना?’ चार वर्षांची बंदी झाली, विषय संपला! कायद्याशी रोजचा संबंध असणाऱ्याला मात्र तो एवढ्यावर संपवता येत नाही. संजितावर आरोप एकदा नव्हे, दोनदा झाले. ती दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत आणि आज ती सर्रास एकात कालवली जातात.

आधी तिचे कर्तृत्व. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत ४८ किलो वजनगटात १७३ किलो उचलून तिने सुवर्ण घेतले. रौप्यपदक मीराबाई चानूचे होते, जिने पुढे टोकियोत ऑलिंपिक पदक जिंकले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला संजिता ५३ किलो गटात उतरली आणि १९२ किलो उचलून पुन्हा सुवर्ण. दुसऱ्या क्रमांकाच्या लोआ डिका टुआ हिच्यापेक्षा तब्बल दहा किलो अधिक.

आणि पुढच्याच महिन्यात, मे २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाने तिला निलंबित केले. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत जागतिक स्पर्धेच्या आधी घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन सापडल्याचा आरोप होता. गंमत पाहा, महासंघाने तिला पाठविलेल्या कागदपत्रांत नमुन्याचे क्रमांक दोन ठिकाणी दोन वेगळे होते! महासंघाने ही प्रशासकीय चूक असल्याचे मान्य केले आणि आरोप तसाच चालू ठेवला.

आपल्या फौजदारी न्यायालयात काय होते? पंचनाम्यातला मुद्देमालाचा क्रमांक आणि रासायनिक पृथक्करण अहवालातला क्रमांक जुळला नाही, तर बचावाचा वकील सरकार पक्षाला तिथेच धरतो आणि शंकेचा फायदा आरोपीला मिळू शकतो. डोपिंगच्या कायद्यात उलटे आहे. नमुन्यात पदार्थ सापडला की दोष सिद्ध. तो शरीरात कसा आला, हेतू काय, हे महासंघाने सिद्ध करायचे नसते. प्रयोगशाळेने काम नियमाप्रमाणेच केले असे गृहीत धरले जाते आणि ते तसे नव्हते हे खेळाडूनेच दाखवायचे. त्यातही अशा पदार्थाच्या बाबतीत निलंबन आधी आणि सुनावणी नंतर. या कडकपणामागे कारण आहे, हे मी नाकारत नाही. वेटलिफ्टिंग हा डोपिंगने पोखरलेला खेळ आहे. पण जिथे पुराव्याचे ओझे आरोपीवर टाकता, तिथे स्वतःचे कागद निर्दोष ठेवण्याची जबाबदारी दुप्पट होत नाही काय?

जानेवारी २०१९ मध्ये निलंबन उठले, आरोप मात्र डोक्यावर लटकतच राहिला. अखेर जून २०२० मध्ये जागतिक उत्तेजक विरोधी संस्थेच्या शिफारशीवरून महासंघाने तो मागे घेतला, कारण नमुन्याच्या पृथक्करणात नियमांशी विसंगती आढळल्या. म्हणजे पहिल्या पत्रापासून आरोप मागे घेईपर्यंत दोन वर्षे गेली. त्यात जकार्ताची आशियाई स्पर्धा गेली. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रतेचा काळ नोव्हेंबर २०१८ पासून सुरू झाला तेव्हा ती निलंबितच होती. अर्जुन पुरस्कारासाठी ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. तिथला निर्णयही या आरोपामुळे बंद लिफाफ्यात अडकला.

आता हा न्यायनिवाडा करणारी संस्था कोणती, तेही पाहू. त्याच जून महिन्यात रिचर्ड मॅक्लारेन यांचा चौकशी अहवाल आला. महासंघाच्या हिशेबात एक कोटीहून अधिक डॉलरचा पत्ता नव्हता आणि डोपिंगची चाळीस पॉझिटिव्ह प्रकरणे दडपली गेली होती. वीस वर्षे अध्यक्ष राहिलेले हंगेरीचे तामास अयान यांनी एप्रिलमध्येच राजीनामा दिला होता. २०२२ मध्ये क्रीडा लवादाने त्यांच्यावर आजीवन बंदी घातली. बड्यांच्या फायली ज्या कपाटात दडवल्या जात होत्या, त्याच कार्यालयातून इम्फाळच्या बाजूच्या एका मुलीला चुकीच्या क्रमांकाचे पत्र निघाले होते. पदके जिंकून देणाऱ्या, पण मागे मोठा वकील वा मोठे सरकार उभे नसलेल्या खेळाडूला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता दुसरे प्रकरण. सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत घेतलेल्या तिच्या नमुन्यात ड्रोस्टॅनोलोन हे स्टेरॉइड सापडले. २०२३ मध्ये ‘नाडा’च्या शिस्तपालन समितीने चार वर्षांची बंदी घातली आणि तिथले रौप्यपदकही गेले. ही शिक्षा खोटी होती असे म्हणण्यासारखे माझ्यापुढे काही नाही आणि केवळ ती मणिपूरची आहे म्हणून मी तसे म्हणणारही नाही. परंतु ‘बघा, ती आधीपासून तसलीच होती’ हा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात टिकत नाही. २०२२ च्या नमुन्याने २०१७ चा नमुना शाबीत होत नाही. प्रत्येक आरोप त्याच्या स्वतःच्या पुराव्यावर उभा राहतो किंवा पडतो. पहिला पडला, आणि तो पाडायला महासंघाला दोन वर्षे लागली.

आरोप मागे घेतल्यावर संजिताने माफी आणि नुकसानभरपाई मागितली होती. खेळाडू दोषी ठरला तर किती वर्षे बाहेर बसवायचे याची कलमे डोपिंगविरोधी संहितेत पानोपानी आहेत. महासंघ चुकला तर त्याने खेळाडूला काय द्यायचे, याचे कलम अजून लिहायचे आहे.