उपमेचा बाजारभाव

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचा, म्हणजे एनबीएचा, वार्षिक ‘ड्राफ्ट’ हा वरकरणी क्रीडाव्यवस्थापनाचा विषय. परंतु त्याभोवती दरवर्षी जो मजकूर निर्माण होतो तो वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही पाहावा असा आहे, असे आम्हांला वाटते. ड्राफ्टच्या कित्येक महिने आधीपासून क्रीडापत्रकार ‘मॉक ड्राफ्ट’, म्हणजे निवडीचे काल्पनिक क्रम, प्रसिद्ध करू लागतात. प्रश्न असा, की हे भाकीत निवडीचे केवळ वर्णन करते, की निवड घडवते?

आधी भाषा पाहू. या लेखनाचा लाडका अलंकार उपमा. १९९८ साली नवव्या क्रमांकावर निवडला गेलेला जर्मनीचा डर्क नोवित्स्की यशस्वी ठरला, आणि युरोपातून येणाऱ्या उंच, लांबून नेम साधणाऱ्या तरुणांना त्याची उपमा देण्याचा प्रघातच पडला. उपमान सिद्ध झालेले, उपमेय मात्र जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे. काव्यातील उपमा असलेले साधर्म्य दाखवते; येथील उपमा ते उसने देते. २००३ साली डेट्रॉइटने सर्बियाच्या डार्को मिलिचिचला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. कार्मेलो अँथनी, क्रिस बॉश आणि ड्वेन वेड त्याच्यामागे राहिले, आणि तिघेही त्याच्या फार पुढे गेले. उलट २०१४ साली निकोला योकिचची निवड ४१व्या क्रमांकावर झाली, तेव्हा दूरचित्रवाणीवर टाको बेलची जाहिरात चालू होती. पुढे तो तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ साली त्याने डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिले.

अर्थात, सारा दोष माध्यमांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. लेब्रॉन जेम्स २००२ साली ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर झळकला तेव्हा शाळकरी होता, आणि ते भाकीत खोटे ठरले नाही. शिवाय संघांपाशी स्वतःचे पारखी असतात, वैद्यकीय अहवाल असतात. किंबहुना पत्रकारांची बरीचशी माहिती संघांकडूनच आलेली असते. २०२२ साली ड्राफ्टच्या दिवशी एका अग्रगण्य वार्ताहराने जबारी स्मिथ पहिला जाणार असे सूचित केले. त्या बातमीसरशी सट्ट्याचे भावही हलले. ऑर्लँडोने मात्र पाओलो बँकेरोला निवडले. म्हणजे संघ छापील क्रम निमूटपणे गिरवतात, असे म्हणता येत नाही.

मग प्रभाव कोठे आहे? आमच्या मते तो दोषाच्या वाटपात आहे. सर्वमान्य क्रमाप्रमाणे निवड करून चुकलेल्या व्यवस्थापकाची चूक सर्वांची ठरते. क्रम मोडून चुकलेल्याची चूक त्याच्या एकट्याची. माध्यमे निर्णय घेत नाहीत, पण वेगळा निर्णय घेण्याची किंमत वाढवतात. नोकरी टिकवू पाहणाऱ्या माणसाला तेवढे पुरते.

ही किंमत अखेर खेळाडू मोजतो. १९९५ पासून पहिल्या फेरीतील खेळाडूचे आरंभीचे वेतन निवडक्रमानुसार ठरलेल्या श्रेणीशी बांधलेले आहे. दुसऱ्या फेरीतल्यांना तशी हमी नाही. त्याच वर्षी बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले, की प्रत्यक्ष कामगिरी जमेस धरूनही वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंना मैदानावर अधिक वेळ मिळत होता आणि संघ त्यांना अधिक काळ राखत होते. एका रात्रीचा क्रमांक अशा रीतीने वर्षानुवर्षे पुरावा म्हणून वावरतो.

लेखकाला ‘दुसरा अमुक’ म्हणून गौरवणाऱ्या समीक्षेचा अनुभव आपल्याला आहेच. तिथे निदान पुस्तक लिहून झालेले असते. न खेळलेल्या सामन्यांची समीक्षा करणाऱ्यांनी म्हणूनच दरवर्षी आपल्या जुन्या भाकितांचा हिशेब नव्या भाकितांशेजारी छापावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. उपमेचा भाव त्यामुळे उतरेल, आणि ज्याला ती दिली जाते त्या मुलाच्या वाट्याला त्याचे स्वतःचे नाव येईल.