रंगाच्या डब्याआधी टोच्या हातात घ्या



होड्या काठावर ओढल्या की दरवर्षी आम्हाला एकच प्रश्न येतो, "यंदा कुठला रंग आणू?" आमचं मत स्पष्ट आहे. खिशात पैसे मोजके असतील तर रंग सगळ्यात शेवटी. आधी लाकूड, मग फटी, मग शीड आणि दोर. उरलं त्यातून रंग.

दमणला बोटीच्या बुडाला तांब्याचा महागडा रंग मारतात, ते बघून आपलेही काही जण तोच आणतात. तिथे तो लागतोच. खाऱ्या पाण्यात कालवांसारखे जीव बुडाला चिकटतात, लाकूड पोखरणारा किडा लागतो. नदी तीच दमणगंगा, पण आपल्या मधुबन धरणाचं पाणी गोडं आहे. इथे तो किडा नाही. शेवाळ धरतं, ते काथ्याच्या ब्रशनं घासलं की निघतं. शिवाय तो रंग विषारी असतो, म्हणून तर त्याला जीव चिकटत नाहीत. त्यातला टिनवाला प्रकार आंतरराष्ट्रीय करारानं 2008 पासून बंद झाला. धरणाचं पाणी शेतीला आणि प्यायला जातं, त्याच पाण्यात आपली मासळी. पैसे देऊन त्यात विष कशाला सोडायचं?

आपला खरा शत्रू कुज. खारं पाणी लाकूड थोडंफार राखतं, पावसाचं साचलेलं पाणी ते कुजवतं. म्हणून टोच्या नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि टोचून बघा. डोलकाठीचं बूड, नाळेचा कोपरा, सुकाणू बसवतो ती फळी, बसायच्या फळीची टोकं. टोच्या लोण्यासारखा आत गेला किंवा हातोडीचा आवाज बद्द आला, तर तो तुकडा कापून नवा बसवा. त्यावर रंग मारला तर ओल आतच कोंडते आणि कुज वाढते. बाहेरून होडी नवी दिसते, आणि भर पाण्यात फळी सुटते. होडीत आपलीच माणसं असतात.

खर्च वाचवायचे मार्ग आहेत. खरवडणं आणि घासणं घरच्या घरी होतं. फळ्या बदलायला आणि फटी भरायला मात्र जाणता सुतारच बोलवा, तिथे हात आखडू नका. होडी सावलीत वाळवा, कडक उन्हात फळ्या तडकतात. रंग सकाळी दव सुकल्यावर मारा, दुपारी मारला की फोड येतात. एक जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ हात टिकतात. शीड फाटलं असेल तर ठिगळ लावा, पण कुजलेला दोर बदलाच. पावसाळ्यात होडी पालथी ठेवा. त्याला पैसा लागत नाही.

दोन गोष्टी घरातल्या बायकांनी आणि पोरांनीही वाचाव्यात. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे 2017 पासून मर्यादा आली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. म्हणून पाणी मारून घासा, तोंडाला फडकं बांधा, लहान मुलांना लांब ठेवा. आणि जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

काही जण म्हणतील, दुधनीला पर्यटक चकचकीत होडीतच बसतात, आणि नारळी पौर्णिमेला जुनाट होडीची पूजा कशी करायची? बरोबर आहे. होडी सजलीच पाहिजे, देवीचं नाव ठळक लिहिलंच पाहिजे. पण ते नाव सडक्या फळीवर लिहू नका.

म्हणून पुढच्या सभेत आम्ही एक सूचना मांडणार आहोत: दुरुस्तीसाठी उचल देण्याआधी दोन जाणत्या सभासदांनी होडी टोचून बघावी आणि पहिला हप्ता लाकूड व खिळ्यांसाठीच द्यावा. कुणाला हे जाचक वाटेल. त्यांनी सभेला येऊन बोलावं, नाहीतर खाली लिहावं. आपल्या होडीत कुठे कुज निघाली तेही लिहा, दुसऱ्याला उपयोग होईल.

– सचिव