प्रार्थना केली... पुढे काय?

इंजिनिअरिंगच्या पोरांना देव सेमिस्टरमध्ये दोनदाच आठवतो, असं आमचे एक सर गमतीनं म्हणतात. एकदा ओरलच्या आदल्या रात्री आणि एकदा रिझल्टच्या दिवशी. त्यात खोटं काहीच नाही! पण होस्टेलवर राहणाऱ्याला आणखी एक वेळ ठाऊक असते. रात्री उशिरा घरून फोन येतो, "बाबांना ॲडमिट केलंय. तू काळजी करू नको, पेपर नीट दे." आणि चारशे किलोमीटर लांब आपण खोलीत नुसते उभे राहतो. त्या रात्री आस्तिक-नास्तिक वाद कुणी घालत नाही. हात आपोआप जोडले जातात.

त्या जोडलेल्या हातांना कुणी हसू नये, असं माझं मत आहे. पण हात जोडून तिथंच थांबलो, तर संकटातल्या माणसाच्या पदरात काही पडत नाही, हेही तितकंच खरं.

आता आपण पडलो इंजिनिअर. 'प्रूफ काय?' हे विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. हा प्रश्न जुनाच आहे. १८७२ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी असा हिशोब मांडला की, राजा-राणीच्या दीर्घायुष्यासाठी चर्चमधून सतत प्रार्थना होतात, तर त्यांचं आयुष्य जास्त असायला हवं. आकडे तर उलटंच सांगत होते. २००६ साली अमेरिकेत डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी बायपास झालेल्या १८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी लोकांनी प्रार्थना केल्या, पण रुग्णांना त्याबद्दल खात्रीनं काही माहीत नव्हतं, अशा गटात ५२ टक्के जणांना गुंतागुंत झाली. प्रार्थना न केलेल्या गटात ५१ टक्के. म्हणजे फरक नाही. आणि 'तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे' असं ज्यांना आधीच सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के! हा योगायोगही असू शकेल, असं संशोधकांनीच म्हटलं. पण मला त्यात तथ्य वाटतं. 'अरे, तुझ्यासाठी सगळं गाव देव पाण्यात घालून बसलंय' असं ऐकल्यावर कुठल्याही पेशंटच्या पोटात गोळाच येईल. 'माझं इतकं वाईट आहे की काय?'

तेव्हा प्रार्थना म्हणजे लिफ्टचं बटण नव्हे, की इथं दाबलं आणि तिकडं दार उघडलं. मग ती करायची कशाला?

माझ्या रूम पार्टनरचे वडील गेल्या वर्षी अकरा दिवस आयसीयूत होते. पहिल्या दिवशी ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. चौथ्या दिवशी टेस्ट होती, रांग संपली. पण आमच्या मेसच्या मावशी रोज संध्याकाळी त्यांच्या नावानं दिवा लावत होत्या. समोरच्या खोलीतला मित्र रोज नमाजनंतर दुआ मागत होता. आणि गंमत बघा, आठव्या दिवशी "आज कसं आहे रे?" असा फोन करणारेही हेच दोघं होते. रोज ज्याचं नाव घेतो, त्याला विसरता येत नाही. मला वाटतं, प्रार्थनेचं काम हेच. ती देवाला आठवण करून देते की नाही, मला सांगता येणार नाही. आपल्याला मात्र नक्की करून देते.

बाराव्या दिवशी काका गेले. प्रार्थना कमी पडली का? असं कुणी चुकूनही म्हणू नये. आधीच खचलेल्या मुलाच्या डोक्यावर आणखी ओझं कशाला? तो परत आला, तेव्हा काय बोलावं कुणालाच सुचेना. त्यानंच काही दिवसांनी एकेक आठवण काढली. रेक्टर सरांनी रात्री साडेअकराला गेट उघडून दिलं होतं. एक जण एसटी स्टँडपर्यंत सोबत आला होता. त्याच गावच्या दोघांनी घरी फोन करून रक्त द्यायला माणसं उभी केली होती. समोरच्या मित्रानं सगळ्या जर्नल्स लिहून ठेवल्या होत्या. आणि मावशींनी काही न विचारता ताटात गरम भाकरी वाढली होती.

आपल्याकडे शाळेपासून सगळ्यांनी पसायदान म्हटलेलं आहे. ज्ञानेश्वरांनी ते मागितलं शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, सगळ्या प्राणिमात्रांसाठी. पण ते ग्रंथाच्या शेवटी येतं, हे आपण विसरतो. आधी सुमारे ९००० ओव्यांचं काम, मग मागणं. आपण मागणं आधी केलं तरी चालेल, पण काम राहून जायला नको.

म्हणून मित्रहो, विंगमधल्या कुणाच्या घरी दुखणं निघालं, तर खुशाल प्रार्थना करा. गाजावाजा न करता, रोज करा. आणि डोळे उघडल्यावर त्याच्या गावाची शेवटची गाडी किती वाजता आहे, तेही बघा. सर-मॅडमनाही एक विनंती : असा विद्यार्थी परत येईल, तेव्हा अटेंडन्सचा विषय दोन दिवस बाजूला ठेवा. त्यालाही मी प्रार्थनाच म्हणेन.