स्क्रू फिरवण्याआधी

आमच्याकडे १९९२ सालची माझ्दा एमएक्स-५ आहे. दोनच माणसांची, टप उघडणारी. सौ. तिला ‘चाळिशीतलं खूळ’ म्हणते आणि मागे सीटच नसल्याने चिरंजीवही तिच्याच पक्षात. गेल्या जानेवारीत मोहम्मद बिन झायद सिटीतल्या सिग्नलवर या खुळाने आरडाओरडा सुरू केला. एंजिन गरम झाले, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, तरी काटा १६०० वर! खरे तर तो ८५० च्या आसपास हवा. शेजारच्या गाडीतली पोरे हसत होती. त्यांना वाटले, काका शर्यत लावतायत.

मुसफ्फाची गॅरेजेस जवळच. कारागिराने बॉनेट उघडून आयडलचा स्क्रू दाखवला. पाच मिनिटांचे काम! आम्ही म्हटले, थांबा. परदेशात एम.एस. केल्याचा आम्हाला एवढाच फायदा, की कारण कळल्याशिवाय स्क्रूला हात लावायला मन धजत नाही.

मंडळी, पेट्रोल एंजिनाचा वेग ठरतो हवेवर. वेग वाढला म्हणजे जास्तीची हवा कुठून तरी शिरतेय. आधी ॲक्सिलरेटरची केबल पाहिली. ती सैल होती, म्हणजे थ्रॉटल ओढला जात नव्हता. मग रबरी नळ्या. पण या गाडीत हवा तोंडाशीच मोजली जाते. पुढे एखादी नळी फुटली तर न मोजलेली हवा आत जाते, पेट्रोल कमी पडते आणि एंजिन बहुधा अडखळते. आमचे तर लोण्यासारखे चालले होते! म्हणजे हवा मोजूनच, पण आडवाटेने येत होती.

ही आडवाट थ्रॉटलच्या पोटात असते. तिथे मेण भरलेली एक झडप आहे. एंजिन थंड असताना ती उघडी राहून वेग वाढवते. कूलंट गरम झाले की मेण फुगते आणि वाट बंद होते. आम्ही जपून हात लावून पाहिला. रेडिएटरची वरची नळी पोळत होती, थ्रॉटलकडे जाणारी नळी जेमतेम कोमट. गरम पाणी झडपेपर्यंत पोचतच नव्हते!

दुसऱ्या दिवशी सकाळी, एंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचे झाकण काढले. (गरम असताना कधीही काढू नका, वाफेने तोंड भाजते.) कूलंट बरेच खाली गेले होते. थ्रॉटलखालच्या जुन्या नळीला बारीक चीर होती. दोष गाडीचा नव्हे. नळीच्या वयाचा आणि आमच्या आळसाचा. नळी बदलली, कूलंट भरले, आत अडकलेली हवा काढली. काटा मुकाट्याने ८५० वर आला. स्क्रू होता तिथेच.

रात्री अंगावर काटा आला तो वेगळ्याच विचाराने. हिवाळा होता म्हणून तापमानाचा काटा मधोमध राहिला. स्क्रू फिरवला असता तर आवाज बंद झाला असता, गळती चालूच राहिली असती, आणि जुलैच्या ४५ अंशांत भर हायवेवर एंजिनाचे हेड वाकले असते. गाडी बिचारी ओरडून सांगत होती. आम्ही तिचे तोंड बंद करायला निघालो होतो.

हे सगळे मोठ्या ऐटीत सौ.ला ऐकवले. ती शांतपणे म्हणाली, “अहो, मग तुम्ही वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या घेताय, ते काय? तोही स्क्रूच ना?”

मंगळवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे.