बाल्कनीतलं काडतूस

यमुनापारहून

ह्यूस्टनहून आलेला भाचा परवा आमच्या मयूर विहारच्या डीडीए फ्लॅटच्या बाल्कनीत वितीने माप घेत होता. ‘‘मामा, माझं टेबल इथे मस्त बसेल.’’ मोबाइलवर टेबलाचा फोटो दाखवला. गॅरेजच्या कोपऱ्यात हाताने दाबायचा प्रेस, नाजूक तराजू आणि जुन्या कॉफीच्या डब्यांत आकारांप्रमाणे निवडलेल्या पितळी पुंगळ्या. पोरगा फावल्या वेळात घरी काडतुसं भरतो! स्वतःपुरती भरायला तिथे केंद्र सरकारचा परवानाही लागत नाही. पैसे वाचतात, नेम सुधारतो आणि रात्री डोकं शांत होतं म्हणे.

म्हटलं, इथे ते टेबल मांडलंस तर मामाला भेटायला मंडोली जेलात यावं लागेल.

चेष्टा नव्हती ती. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे विनापरवाना बंदूकच काय, काडतूसही बनवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीपासून त्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. वरातीत हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला मात्र दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिल्लीतली लग्नं पाहिलेल्या माणसाला हे गणित उलटं वाटेल. मलाही वाटतं. पण म्हणून बाल्कनीत दारू भरायची मुभा मागावी, असं मी म्हणणार नाही. आमच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा गॅस सिलिंडर आहे आणि त्यांच्या कुकरची शिट्टी माझ्या उशाशी वाजते. गॅरेजवाल्यांचा छंद गॅरेजवाल्यांनाच शोभतो.

‘‘मग तुमचे नेमबाज काय करतात?’’ त्याने विचारलं. विकत घेतात. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य जिंकलं, ते पॉइंट बावीसच्या काडतुसांवर. त्या काडतुसाची ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो. घोड्याच्या ठोक्याने कड चेपते आणि पुंगळीचं काम तिथेच संपतं. ती घरी पुन्हा भरणं भाच्याच्या प्रेसलाही जमत नाही. नेमबाज त्याऐवजी एकेका लॉटची काडतुसं आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि नळीला मानवतो तो लॉट उचलतात. उचलतात तो बहुधा परदेशी. खडकी आणि वरणगावचे कारखाने फौजेसाठी अहोरात्र गोळ्या बनवतात, मग पदकाच्या दर्जाचं काडतूस इथे का बनू नये? माझं भांडण असलंच तर तिथे आहे, बाल्कनीत नाही.

भाचा हिरमुसला. म्हणाला, ‘‘पण पणजोबा तर भरायचेच ना?’’

भरायचे. कोकणातल्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. तिला काडतूस नव्हतंच. प्रत्येक बार नव्याने ठासायचा. आजोबा पडवीत बसत, विडी आधी विझवत आणि आम्हा पोरांना अंगणापलीकडे हाकलत. गज नळीत खाली-वर होताना जो खसखस आवाज यायचा तेवढाच आमच्या वाट्याला. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा व्हायची, आणि त्याच दिवसांत रानडुकरं बिनधास्त शेतात उतरायची. आजोबा रात्रभर पत्र्याचा डबा बडवत बसायचे.

भाच्याने माप घेतलेल्या जागी हिने काल कढीपत्त्याची कुंडी ठेवली आहे.

— यमुनापारकर