बदली न आलेला संतरी

१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात बांगलादेशनं आपल्याला १-० नं हरवलं. २००३ नंतर, म्हणजे २२ वर्षांनी, बांगलादेशकडून हार. त्याआधी १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरनं, क्रमवारीत आपल्या खाली असलेल्या संघानं, २-१ नं हरवून २०२७ च्या आशिया कपचं दार आपल्यासाठी बंद केलं होतं. तोवर पात्रता फेरीचे पाच सामने झाले होते. दोन बरोबरी, तीन पराभव, विजय शून्य.

मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे हे दुखणं जन्मजात आहे. आमच्याकडे माणूस आधी तालमीचा असतो, मग घरचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावं शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ होतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली अर्धी दुकानं बंद. पुढे खडकवासल्याला एनडीएत स्क्वाड्रनसाठी खेळलो, मग जिथे पोस्टिंग झाली तिथे युनिटसाठी. आता जबलपूरला आहे. हे तसं हॉकीचं गाव, ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ रूपसिंग इथेच जन्मले. पण छावणीत संध्याकाळच्या गेम्स परेडला आजही सगळ्यात जास्त पोरं फुटबॉललाच धावतात.

ढाक्याच्या सामन्यानंतर जो तो दोनच गुन्हेगार शोधत होता. एक कोच, दुसरा म्हातारा स्टार. रागाच्या भरात मीही टीव्हीसमोर बरंच काही बोललो, ते इथे छापण्यासारखं नाही. पण राग ओसरल्यावर हिशेब मांडला, तर तो या दोघांपाशी थांबत नाही.

आधी सुनील छेत्री. हा आपल्या घरचा मुलगा आहे, फौजीचा. वडील ईएमईत, जन्म सिकंदराबादचा, आई नेपाळच्या महिला संघाची खेळाडू. १२ जून २००५ ला क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पहिला सामना खेळला आणि पहिल्याच सामन्यात गोल केला. ६ जून २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर कुवेतविरुद्ध ०-० अशा बरोबरीनंतर रडत रडत निरोप घेतला, तेव्हा खात्यावर १५१ सामने आणि ९४ गोल होते. १९ वर्षं हा माणूस एकाच चौकीवर उभा होता.

आणि नऊ महिन्यांत त्याला परत बोलावलं. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध तो उतरला, ९५ वा गोल केला, आपण ३-० नं जिंकलो. सगळे खूश. सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध ०-०. जूनमध्ये हाँगकाँगमध्ये शेवटच्या क्षणी पेनल्टीवर ०-१. पुनरागमनानंतर आंतरराष्ट्रीय सामन्यात त्याचा तो एकच गोल. पात्रता हुकली आणि त्यानं दुसऱ्यांदा निरोप घेतला.

लोक म्हणतात, त्यानं यायलाच नको होतं. मला हे पटत नाही. ज्यांनी वर्दी घातली आहे त्यांना सांगायला नको, संतरीची ड्यूटी दोन तासांची असते. दोन तास झाले की गार्ड कमांडर बदली घेऊन येतो. बदली आली नाही तर संतरी चौकी सोडून जात नाही, तो उभाच राहतो. चार तास उभा राहून त्याचे डोळे मिटायला लागले तर चौकशी कोणाची होईल? आधी गार्ड कमांडरची. छेत्रीला वयाच्या चाळिशीत ‘परत ये’ म्हटलं आणि तो आला, यात शिपाईपणा आहे. प्रश्न बोलावणाऱ्यांचा आहे. एकोणीस वर्षांत बदली का तयार झाली नाही?

निवृत्तीतून परत येणं हे काही पाप नाही. कॅमेरूनचा रॉजर मिला १९९० च्या विश्वचषकाला अडतिसाव्या वर्षी परत आला, चार गोल केले आणि संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचला. २०२४ च्या युरोसाठी जर्मनीचा टोनी क्रोस परतला, आणि त्याच्या अवतीभवती मुसियाला आणि विर्ट्झसारखी विशी-एकविशीची पोरं धावत होती. म्हाताऱ्यानं चेंडू द्यायचा, तरुणांनी पळायचं, असा तो व्यवहार होता. पण तोच मिला १९९४ ला बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा उतरला. रशियाविरुद्ध गोल करून विक्रमही केला, आणि कॅमेरून तो सामना ६-१ नं हरलं. विक्रम त्याचा झाला, संघाच्या पदरात काही पडलं नाही. म्हातारा स्टार आधार म्हणून चालतो, आढं म्हणून नाही. आपण छेत्रीला आढं केलं आणि खाली खांबच नव्हते.

आता कोच. इथे मात्र माझी तक्रार थेट आहे.

इगोर स्टिमॅच मे २०१९ मध्ये आले. १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघातले खेळाडू. २०२३ चांगलं गेलं, इंटरकॉन्टिनेंटल कप आणि सॅफ दोन्ही जिंकले, क्रमवारीत शंभराच्या आत आलो. मग जानेवारी २०२४ च्या आशिया कपमध्ये तीन सामने, तीन हार, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून १-२. त्या सामन्यातला आपला एकमेव गोल कोणाचा? छेत्रीचा, त्याच्या १५० व्या सामन्यात. पाच वर्षं हातात असलेल्या कोचनं जाताना आपल्या हाती एकही पर्यायी सेंटर फॉरवर्ड ठेवला नाही. जून २०२४ मध्ये त्यांना काढलं.

मग मानोलो मार्केझ. राष्ट्रीय संघ दिला आणि एफसी गोव्याचं कामही त्याच मोसमात चालू ठेवू दिलं. एका म्यानात दोन तलवारी. गोव्यानं सुपर कप जिंकला, भारतानं त्यांच्या हाताखाली आठ सामन्यांत एक जिंकला. २०२४ या पूर्ण वर्षात तर भारतानं एकही सामना जिंकला नाही. मार्केझ यांच्या जाणकारीवर मला शंका नाही. पण फौजेत कोणाला एकाच वेळी दोन पलटणींची कमान देत नाहीत. ऑफिसर कितीही हुशार असो, एका पलटणीला तो पाहुणाच वाटणार.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले, मुंबई एफसी घडवलेले, आयझॉलला २०१७ मध्ये आय-लीग जिंकून देणारे. तेरा वर्षांनी भारतीय कोच म्हणून मला मनापासून आनंद झाला. त्यांनी पहिल्याच काफा नेशन्स कपमध्ये छेत्रीला घेतलं नाही. ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ नं हरवलं, ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरे आलो. वाटलं, निघाली गाडी. आणि ऑक्टोबरमध्ये सिंगापूरविरुद्ध छेत्री पुन्हा संघात. सप्टेंबरला उचललेलं पाऊल ऑक्टोबरला मागे. हीच माझी तक्रार आहे. हरल्याबद्दल कोचला मी एकदा माफ करीन, पण ठरवलेल्या दिशेवर एक महिनाही न टिकणं मला मान्य नाही.

कोणी म्हणेल, छेत्रीला गुणवत्तेवरच घेतलं. खरं आहे. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये त्यानं १४ गोल केले, भारतीयांमध्ये सर्वाधिक. पण हा आकडा मला छेत्रीचं कौतुक कमी आणि बाकी सगळ्यांवरचं आरोपपत्र जास्त वाटतो. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत आयएसएलचे अकरा मोसम झाले. त्यांत एकदाही गोल्डन बूट भारतीयाला मिळाला नाही. मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळवता येतात, आणि क्लब त्यातला एक बहुतेक वेळा नऊ नंबरला लावतो. क्लबला लगेच गोल हवेत, त्याचंही चूक नाही. पण मग आपला पंचविशीचा पोरगा विंगवर ढकलला जातो किंवा बाकावर बसतो. त्याला राष्ट्रीय संघात बोलावून ‘आता सेंटर फॉरवर्ड हो’ म्हणायचं, म्हणजे रेंजवर कधी न गेलेल्या जवानाला थेट चकमकीत उतरवायचं.

आणि दिल्ली-मुंबईला नावं ठेवताना आपल्या पेठेकडेही बघावं. कोल्हापुरातही स्पर्धा जिंकण्यासाठी बाहेरचे आणि परदेशी खेळाडू आणले जातात. आपलाच पोरगा कडेला जर्सी घालून बसतो. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. म्हणजे माती नापीक नाही.

म्हाताऱ्या खेळाडूला थांबवणं सोपं नसतं, हे मला माहीत आहे. आमच्या युनिटच्या संघात एक हवालदार आहे, वय ३७, बारा वर्षं सेंटर फॉरवर्ड. पाय मंदावलेत, डोकं पूर्वीपेक्षा तेज. यंदाच्या स्पर्धेआधी स्पोर्ट्स ऑफिसरनं यादी आणली, नऊ नंबरला पुन्हा तोच. त्याच्यामागे एक २१ वर्षांचा मिझो अग्निवीर, मागच्या मोसमात फक्त शेवटच्या दहा-दहा मिनिटांसाठी उतरलेला. मी यादी बदलली. हवालदाराला ऑफिसात बोलावून समोर सांगितलं, दुसऱ्याच्या तोंडून कळू दिलं नाही. तो ‘जी साब’ म्हणाला, सॅल्यूट केला, आणि पुढे आठवडाभर मैदानाकडे फिरकला नाही.

सेमीफायनलला पोरानं दोन सोप्या संधी घालवल्या. आम्ही १-० नं हरलो. रात्री लंगरमध्ये कुजबुज होती की उस्ताद असते तर एक तरी आत गेला असता. गेलाही असता कदाचित. पण पुढच्या वर्षी हवालदार पेन्शनवर असेल, आणि त्या पोराच्या पाठीशी सहा पूर्ण सामने असतील. या सहा सामन्यांची किंमत म्हणजे ती हरलेली सेमीफायनल. ही किंमत निवडणाऱ्यानं आपल्या खांद्यावर घ्यायची असते, पोरावर ढकलायची नसते.

राष्ट्रीय संघात नेमकं हेच कोणी करत नाही. प्रत्येक कोचला पुढचा सामना वाचवायचा असतो, कारण तो हरला तर खुर्ची जाते. खुर्ची वाचवायला तो जुन्या नावाकडे जातो. ढाक्याला छेत्री नव्हता, तरी हरलोच. कारण त्याच्यानंतर कोण, हे त्या दिवशी शोधायला सुरुवात झाली. ते काम २०१५ ला सुरू व्हायला हवं होतं.

फौजेत सीओ बदलतो, तेव्हा हँडिंग-टेकिंग ओव्हर होतं. तो सुट्टीवर गेला तर टूआयसी कमान घेतो, आणि लढाईत कोण पडलं तर कोण पुढे येणार हे शेवटच्या शिपायालाही ठाऊक असतं. फुटबॉल संघटनेकडे माझ्या तीनच मागण्या आहेत. कोच पूर्णवेळ असावा आणि त्याला चार वर्षं द्यावीत. दरवर्षी त्यानं जागेगणिक पहिला आणि दुसरा खेळाडू लिहून द्यावा, आणि त्याची परीक्षा निकालाइतकीच त्या दुसऱ्या यादीवर व्हावी. आणि लीगमध्ये प्रत्येक क्लबनं सुरुवातीच्या अकरात एक तरी भारतीय फॉरवर्ड, आत मध्यभागी, खेळवणं सक्तीचं करावं. दोन मोसम खेळाचा दर्जा घसरेल. घसरू दे.

अर्थात त्यासाठी लीग चालू तर हवी. २०२५ चा डिसेंबर उजाडला तरी त्या मोसमाच्या आयएसएलचा पहिला सामनाही झालेला नव्हता. खेळाडू करार हातात घेऊन बसले होते, पण सामने कधी हे कोणी सांगत नव्हतं. सरावाविना पलटण कुठली लढणार?

माजी सैनिक वाचकांना एक विनंती. तुमच्यातले बरेच जण युनिटकडून, कमांडकडून, काही जण सर्व्हिसेसकडून खेळलेत. सर्व्हिसेसनं मार्च २०२४ मध्ये सातव्यांदा संतोष ट्रॉफी उचलली, म्हणजे आपल्याला संघ घडवता येतो. गावी गेल्यावर शाळेच्या मैदानावर चार पोरं नऊ नंबरला खेळवून बघा. आणि तुमच्या गावात असा पोरगा असेल, तर खाली लिहा. त्याला बाकावरून उठवायला कोणाला फोन करायचा, ते आपण मिळून बघू.

जय हिंद.