'जोडता येत नाही' हे उत्तर नव्हे

सरकारी कचेरीत एखादा अर्ज फेटाळला गेला, तर तो का फेटाळला, असे विचारण्याचा अधिकार आज आपल्याला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम तर त्याच्याही पुढे जाते. प्रशासकीय निर्णयाची झळ ज्याला लागते, त्याला त्या निर्णयामागची कारणे द्यावीत, असे ते सांगते. प्रत्यक्षात ती किती वेळा मिळतात, हा प्रश्न वेगळा. पण 'नाही म्हणजे नाही' हे उत्तर होऊ शकत नाही, हे तत्त्व निदान कागदावर तरी आपण मान्य केले आहे. घरातल्या संगणकाला मात्र हे तत्त्व लागू करण्याचा विचार अजून आपल्या मनात आलेला नाही. वायफाय चालेनासे झाले, की पडद्यावर एक ओळ उमटते : 'या नेटवर्कशी जोडता येत नाही.' का येत नाही, ते तिथे लिहिलेले नसते आणि आपणही ते विचारत नाही. राउटर बंद करून चालू करायचा, संगणक बंद करून चालू करायचा, आणि तरीही जमले नाही तर नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावायचा, एवढाच आपला शिरस्ता.

विषय वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु अकरावीचा प्रवेश, स्पर्धा परीक्षेचा अर्ज, सात-बाराचा उतारा, निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला ही सारी कामे गेल्या काही वर्षांत इंटरनेटवर आली आहेत. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच घरात आली. अर्जाच्या शेवटच्या रात्री अकरा वाजता ही ओळ समोर आली, तर त्या विद्यार्थ्याचे वर्ष पणाला लागते. अशा वेळी कारण न सांगणारे यंत्र आणि कारण न सांगणारा कारकून यांच्यात फरक तो काय राहिला?

मुळात घडते काय, ते आधी पाहू. आपण एखाद्या वायफायशी प्रथम जोडून घेतो, तेव्हा संगणक त्याची एक छोटी नोंद करून ठेवतो. नेटवर्कचे नाव, त्याची सुरक्षा कोणत्या पद्धतीची, पासवर्ड काय, पुढच्या वेळी आपोआप जोडायचे की विचारून, एवढा मजकूर त्या नोंदीत असतो. तिला प्रोफाइल म्हणतात. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही प्रत्येक नोंद स्वतंत्र फायलीत ठेवली जाते. पुढच्या वेळी संगणक आपल्याला काहीही न विचारता ती नोंद पुढे करतो आणि आत शिरतो. सोय म्हणून हे उत्तमच आहे.

अडचण येते ती नोंद जुनी झाल्यावर. समजा, इंटरनेट पुरवणाऱ्याने घरातला जुना राउटर काढून नवा बसवला. घरच्यांच्या सोयीसाठी नावही तेच ठेवले. पण पासवर्ड बदलला, किंवा सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए-२ ऐवजी २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ झाली. नाव ओळखीचे दिसताच संगणक जुनीच नोंद पुढे करतो आणि दारातून परत येतो. दहा वेळा परत येतो, पण आपली नोंद शिळी झाली आहे, हे मालकाला सांगत नाही. उपाय मात्र अर्ध्या मिनिटाचा. सेटिंग्जमध्ये ओळखीच्या नेटवर्कांची यादी असते. त्यातले नाव निवडून 'विसरा' असा हुकूम द्यायचा आणि पासवर्ड टाकून पुन्हा ओळख करून द्यायची. विसरल्यावाचून पुन्हा ओळख पटत नाही, असा हा मामला!

गंमत अशी, की पूर्वी हे यंत्र याहून बोलके होते. २००९ च्या विंडोज ७ मध्ये असा प्रसंग आला, की साठवलेली सेटिंग्ज आणि नेटवर्कच्या गरजा यांचा मेळ बसत नाही, अशा अर्थाचे वाक्य येत असे. भाषा बोजड होती, पण दोष कुठे आहे ते त्या एका वाक्यात होते. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये साऱ्या नोंदी एकत्र दाखवणारी एक खिडकीही होती. कोणती नोंद आधी वापरायची, हा क्रम तिथे लावता येई आणि नको ती नोंद पुसता येई. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ही खिडकीच काढून टाकण्यात आली. समोर नसलेल्या नेटवर्काची नोंद पुसायची, तर काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करण्याची पाळी आली. विंडोज १० मध्ये यादी सेटिंग्जमध्ये नांदू लागली खरी, पण कारण सांगणारे वाक्य गेले. त्याच्या जागी उरले ते 'जोडता येत नाही'.

आता कोणी म्हणेल, यंत्राला तरी कारण कुठे ठाऊक असते? इथेच खरी मेख आहे. यंत्राला पुष्कळ काही ठाऊक असते. विंडोज १० पासून प्रशासकाच्या अधिकाराने 'नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा दिली, की गेल्या तीन दिवसांचा सविस्तर अहवाल तयार होतो. कधी जोडले, कधी तुटले, प्रयत्न कुठे फसला आणि कशामुळे, हे सारे वेळेनिशी त्यात येते. म्हणजे कारण माहीत आहे, त्याची नोंद झाली आहे, फक्त ज्याचे काम अडले आहे त्याच्यासमोर ते ठेवलेले नाही. फायलीवर साहेबांचा सविस्तर शेरा आहे आणि खिडकीवरचा माणूस 'उद्या या' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. यंत्राची मर्यादा म्हणून त्याला सोडून देता येत नाही. तो कोणीतरी जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे.

या निर्णयाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. सामान्य माणूस तांत्रिक शब्दांनी बिचकतो, त्याला शक्य तितके कमी सांगावे, असे या मंडळींचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे नाही. शिवाय काही वेळा यंत्रालाही खात्री नसते. पासवर्ड चुकला, तर राउटर 'पासवर्ड चुकला' असे उत्तर देतोच असे नाही. ओळख पटवण्याची देवाणघेवाण मध्येच थांबते, आणि बाकीचा तर्क संगणकाला करावा लागतो. पण तर्क तर्क म्हणून सांगायला हरकत कोणती? चांगला डॉक्टरही 'बहुधा हे असावे' म्हणतोच. 'बहुधा पासवर्ड बदलला असावा, तो पुन्हा टाकून पाहा' एवढे वाक्य वाचून कोणी बिचकणार नाही. सोपे करून सांगणे वेगळे आणि न सांगणे वेगळे. सोपेपणाच्या नावाखाली माणसाला अडाणी ठेवले जात असेल, तर तो सोपेपणा काय कामाचा?

याची किंमत कोण मोजतो, तेही पाहू. नाक्यावरच्या दुकानातल्या मुलासमोर दहा संगणक रांगेत असतात. त्यालाही यंत्र कारण सांगत नाही आणि शोधायला त्याच्यापाशी वेळ नसतो. मग त्याचा हुकमी उपाय ठरलेला : 'फॉरमॅट मारून देतो.' जुने सारे पुसले जाते, त्यात ती शिळी नोंदही जाते आणि वायफाय सुरू होते! उपाय लागू पडला, म्हणून तोच बरोबर होता असे दोघेही समजतात. पण त्या पुसण्यात घरातले फोटो, अर्धा लिहिलेला प्रबंध, टॅलीतला हिशेब, जपून ठेवलेले मराठी फॉन्ट यांतले काय काय गेले, हे पुढे कधीतरी कळते. बोटाला काटा लागला म्हणून हात कापावा, तसे हे. आणि कापणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण काटा कुठे आहे हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

शिळ्या नोंदींचा आणखी एक उपद्रव आहे आणि तो अधिक गंभीर आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर सार्वजनिक वायफाय सुरू झाले आणि पुढे ते देशभरातल्या स्थानकांवर पोहोचले. स्थानके, विमानतळ, उपाहारगृहे अशा ठिकाणची अनेक नेटवर्के बिनपासवर्डची असतात. त्यांपैकी एखाद्याची नोंद 'आपोआप जोडा' या खुणेसह राहून गेली, तर पुढे त्याच नावाचे कोणतेही खुले नेटवर्क संगणक ओळखीचे मानू शकतो, मग ते कोणी का उभे केलेले असेना. पासवर्डच नसल्यामुळे ओळख पटवायला नावाखेरीज काही उरत नाही. दार उघडे राहिल्याने काय होते, याचा अनुभव आपण घेतलेला आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांची ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या असुरक्षित वायफायवरून धाडली गेली होती. त्यानंतर राउटरला पासवर्ड घालणे आपण शिकलो. संगणकाच्या पोटातली यादी चाळणे मात्र अजून शिकलेलो नाही.

तेव्हा शिकायचे ते फार नाही. चार प्रश्न क्रमाने विचारायचे. पहिला, नेटवर्कचे नाव यादीत दिसते का? दिसत नसेल, तर संगणकाचे वायफाय बंद असेल, राउटर बंद असेल, किंवा राउटर ५ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि जुन्या लॅपटॉपला फक्त २.४ कळते, असे असेल. दुसरा, नाव दिसते पण आत घेत नाही? मग आधी जुन्या नोंदीवर संशय घ्यावा आणि ती विसरायला लावावी. तिसरा, आत घेतले पण पत्ता मिळाला का? संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि संगणकाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला आहे. चौथा, पत्ताही आहे पण पाने उघडत नाहीत? मग त्याच वायफायवर, मोबाइल डेटा बंद करून, फोन चालतो का ते पाहावे. फोनही चालत नसेल, तर दोष बहुधा राउटरकडे किंवा बाहेरच्या तारेकडे आहे. फोन चालत असेल, तर तो संगणकात शोधावा. ज्याला एक्सेलमध्ये बेरीज करता येते, त्याला एवढे नक्कीच जमेल. संगणक-साक्षरता म्हणजे केवळ टंकलेखन आणि तक्ते, ही समजूत आता सोडायला हवी.

मराठीच्या आग्रहाचाही इथे विचार व्हावा. विंडोज मराठीत मिळते, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण मुक्या वाक्याचे भाषांतर केले, तर ते मराठीत मुके होते, एवढेच. मागणी केवळ मराठी शब्दांची नको, मराठीत कारणाचीही हवी. कुठे अडले, बहुधा कशामुळे अडले आणि आता काय करावे, या तीन गोष्टी प्रत्येक संदेशात असाव्यात, अशी अट घालणे एकट्यादुकट्या ग्राहकाला शक्य नाही. शाळा, कचेऱ्या आणि ग्रामपंचायती यांच्यासाठी मोठ्या संख्येने संगणक विकत घेणाऱ्या राज्य सरकारला ते शक्य आहे. नागरिकाला कारण देणे कायद्याने बंधनकारक असेल, तर ज्या यंत्राच्या मार्फत नागरिक सरकारपर्यंत पोहोचतो, त्या यंत्राकडून ती अपेक्षा का ठेवू नये?

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हाती असलेली गोष्ट म्हणजे विचारणे. दुरुस्तीवाल्याच्या हातावर पैसे ठेवण्याआधी 'काय बिघडले होते?' असे जरूर विचारावे. 'फॉरमॅट केला' हे त्याचे उत्तर नव्हे, जसे 'जोडता येत नाही' हे यंत्राचे उत्तर नव्हे.